प्रकरण अभ्यास : ‘सगळीकडे ब्लॉन्ड करून टाक’

पुण्यातल्या एका छोट्या संपादन-संस्थेकडे ब्रिटिश प्रकाशकाची रहस्यकादंबरी कॉपी-एडिटिंगसाठी आली. फिकट केसांसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांतल्या ‘ब्लॉन्ड’चं शेवटचं अक्षर सरसकट बदललं गेलं आणि कादंबरीतला मुख्य पुरावाच पुसला गेला. चूक पहिल्या प्रुफात सापडली, निस्तरलीही. ती कशी झाली, निस्तरताना काय काय तोलावं लागलं आणि त्याच पुस्तकात या शब्दांनी आणखी कुठे चकवलं, हे इथे मांडलं आहे. ओळख पटू नये म्हणून कथानकातले काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

हस्तलिखित ९२,००० शब्दांचं. लेखक मूळचा अमेरिकी, पण बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहिलेला, त्यामुळे स्पेलिंगची खिचडी. काम चौघांत वाटलेलं : एक अनुभवी कॉपी-एडिटर, तिची नवी सहायक, प्रकाशकाशी बोलणारी समन्वयक आणि बाहेरून काम करणारे एक मुद्रितशोधक.

संस्थेची पद्धत नेहमीची. पहिल्या फेरीत यांत्रिक साफसफाई : दोन स्पेसची एक स्पेस, डॅश, अवतरणचिन्हं, अमेरिकी स्पेलिंगचं ब्रिटिश स्पेलिंग. ही फेरी ‘ट्रॅक चेंजेस’ (प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी वर्डची सोय) बंद ठेवून होते, नाहीतर लेखकाला पानभर लाल रेघाच दिसतात. केलेल्या बदलांची नोंद फक्त स्टाइल शीटमध्ये, म्हणजे लेखननियमांच्या यादीत, राहते. दुसऱ्या फेरीपासून ट्रॅकिंग चालू, आणि जिथे अर्थाला हात लागतो तिथे लेखकाला प्रश्न.

प्रकाशकाच्या स्टाइल शीटमध्ये या शब्दाविषयी एकच ओळ होती. बाई असेल तर ब्लॉन्डच्या शेवटी ई, पुरुष असेल तर ई नाही.

पुढचं समजायला हा शब्द थोडा उलगडावा लागेल. तो फ्रेंचमधून आला आणि येताना फ्रेंच लिंगभेद सोबत घेऊन आला : पुल्लिंगी रूप ई-विना, स्त्रीलिंगी रूप ई-सह. ब्रुनेट (गडद तपकिरी केसांची व्यक्ती) आणि फियान्से (वाग्दत्त वर किंवा वधू) यांचंही तसंच. फ्रेंचमध्ये ही दोन रूपं कानालाही वेगळी लागतात, एक ‘ब्लाँ’ आणि दुसरं ‘ब्लाँद’. इंग्रजीत उच्चार एकच, फरक फक्त कागदावर. देवनागरीत तर तोही उरत नाही, दोन्हींना आपण ‘ब्लॉन्ड’च लिहितो. म्हणून या लेखात ‘ई-सह’ आणि ‘ई-विना’ असं लिहिलं आहे. ही काळजी त्या वेळी संस्थेतल्या कुणी घेतली असती, तर हा लेख लिहावाच लागला नसता.

आता रिवाज. ब्रिटनमध्ये बाईसाठी आणि बाईच्या केसांसाठी बहुतेक ठिकाणी ई-सह रूप दिसतं. अमेरिकेत विशेषण म्हणून बाई-पुरुष दोघांसाठी ई-विना रूप चालतं. यात एक गंमत आहे. ‘ब्लॉन्ड केसांची बाई’ यातल्या विशेषणाला ई जोडणं हा फ्रेंच नियम नव्हेच. फ्रेंचमध्ये ते विशेषण केसांप्रमाणे बदलतं, आणि केस हा तिथे पुल्लिंगी शब्द आहे. मराठी माणसाला हे चटकन कळतं. ‘भुऱ्या केसांची बाई’ म्हणताना आपणही भुऱ्या हा शब्द केसांशी जुळवतो, बाईशी नाही. बाईच्या केसांना ई लावण्याची सवय इंग्रजीने स्वतःच लावून घेतलेली आहे.

अडचण

हस्तलिखितात हा शब्द १३१ वेळा होता : ७४ वेळा ई-सह, ५७ वेळा ई-विना. शिवाय ब्लॉन्डर दोनदा, ब्लॉन्डेस्ट, ब्लॉन्डिश आणि ब्लॉन्डनेस एकेकदा. कॉपी-एडिटरने समन्वयकाला फोनवर सांगितलं, की लेखकाने दोन्ही रूपं वाटेल तशी वापरली आहेत, प्रकाशकाच्या शीटप्रमाणे एकसारखं करायला हवं. समन्वयकाने सहायकेला व्हॉट्सॲप केलं :

‘ब्लॉन्ड सगळीकडे सारखं करून टाक गं. यूके स्पेलिंग.’

‘हो ताई, करते.’

निरोप मराठीत, शब्द देवनागरीत. कोणतं ब्लॉन्ड, हे निरोपात नव्हतंच. सहायकेने ‘यूके’ या शब्दावरून निष्कर्ष काढला की ब्रिटिश म्हणजे ई-सह. बाई-पुरुष भेदाची ओळ ज्या शीटमध्ये होती ती तिच्याकडे पोचलीच नव्हती.

मग तिने वर्डमध्ये ई-विना रूप शोधून ई-सह टाकायचा आदेश दिला. ‘पूर्ण शब्दच शोधा’ ही खूण करायची राहिली. त्यामुळे आधीच ई असलेल्या ७४ शब्दांना दुसरा ई चिकटला. ब्लॉन्डर, ब्लॉन्डेस्टच्याही पोटात एक ई घुसला. हे दिसल्यावर ‘अनडू’ न करता तिने दुसरा आदेश चालवला : ब्लॉन्डच्या मागे जिथे दोन ई तिथे एक. योगायोग असा की याने ७४ शब्द तर सुधारलेच, पण ब्लॉन्डर आणि ब्लॉन्डेस्टही आपोआप मूळ रूपावर आले, कारण घुसलेला ई आणि त्यांचा स्वतःचा ई शेजारी-शेजारी होते. उरले ब्लॉन्डिश आणि ब्लॉन्डनेस. ते तिने हाताने दुरुस्त केले. फाइल स्वच्छ दिसायला लागली. लाल रेघ एकही नाही. अर्धवट सुधारणेतला मोठा धोका हाच, की पहिली चूक डोळ्यांसमोरून जाते आणि तिच्या आड झालेला खरा बदल तसाच राहतो. इथे ५७ ई-विना रूपं ई-सह झाली होती, त्यांतली १९ पुरुषांची. ट्रॅकिंग बंद असल्याने लेखकाकडे गेलेल्या फाइलमध्ये यातलं काहीच दिसलं नाही.

पुस्तक टाइपसेट झालं, ३४४ पानं. मुद्रितशोधक पान २९१ वर अडकले. तिथे इन्स्पेक्टर सहकाऱ्याला सांगतो, की निवृत्त फ्रेंच शिक्षिकेने चिठ्ठीत लिहिलेल्या ‘ब्लॉन्ड’ला ई नाही, आणि ज्या बाईने चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांतली लिंगं दुरुस्त केली ती इथे चुकणार नाही, म्हणजे गाडीतून उतरलेली व्यक्ती पुरुष होती. मुद्रितशोधकांनी मागे जाऊन पान ८७ वरची चिठ्ठी पाहिली. तिथे ई होता.

फोनवर ऐकलेल्या जबानीतून लिंग कळत नाही, लिहिलेल्या चिठ्ठीतून कळतं, यावर अख्खं रहस्य उभं होतं. पोलिसांनी चिठ्ठी आधी फोनवर वाचून घेतलेली असते, म्हणून २०० पानं ते एका बाईला शोधत असतात. कादंबरीतल्या पोलिसांचा घोटाळा आणि संस्थेतला घोटाळा सारखाच होता, कानाला न लागणारा ई दोन्हीकडे निरोपातून गळला.

कोणते पर्याय होते

प्रुफं परत करायला सहा दिवस होते.

पहिला पर्याय : फक्त चिठ्ठीतला ई काढायचा. एक दुरुस्ती, पाच मिनिटांचं काम. समन्वयकाचा कल इकडे होता. कॉपी-एडिटरचा आक्षेप रास्त होता. पान १२ वर नायकाच्या भावाला ई-सह लिहिलेलं वाचकाने पाहिलं असेल, तर पान २९१ वर ‘ई नाही म्हणजे पुरुष’ हे तो का मानेल? पुरावा चिठ्ठीत असला तरी तो पटण्यासाठी अख्खं पुस्तक त्या भेदाशी प्रामाणिक असायला हवं.

दुसरा : मूळ फाइलशी ताडून ५७ च्या ५७ जागा पूर्ववत करायच्या. झालेली चूक पूर्ण मागे घेतली जाते हे खरं, पण लेखकाची खिचडीही परत येते, बायकांच्या केसांसाठी २६ ठिकाणी ई-विना. शिवाय ज्या कामाचे पैसे घेतले ते झालेलंच नाही, असा त्याचा अर्थ.

तिसरा : सगळीकडे ई-विना. हा नियम सोपा आणि लिंगनिरपेक्ष, आणि अमेरिकेत तर तो रुळलेलाच आहे. इथे मात्र पुरावाच बाद होतो. सगळीच रूपं ई-विना असतील तर चिठ्ठीतल्या ई-विना रूपातून काय सिद्ध होणार?

चौथा : प्रकाशकाचा नियम एकेक जागा बघून हाताने लावायचा. वेळखाऊ, पण कथानक, प्रकाशक आणि लेखक तिघांनाही चालणारा. तोच ठरला.

प्रत्यक्षात काय केलं

आधी वर्डच्या ‘कम्पेअर’ सोयीने मूळ आणि साफ केलेली फाइल समोरासमोर ठेवली, म्हणजे ट्रॅकिंग बंद असताना झालेले बदलही यादीत आले. त्यातून ५७ जागा एक्सेलमध्ये उतरवल्या. रकाने पाच : पान, पूर्ण वाक्य, केस कुणाचे, कुणाच्या लेखणीतून, निर्णय.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. निवेदनात आणि संवादात प्रकाशकाचा नियम लागतो, कारण बोलणाऱ्याच्या तोंडी स्पेलिंग नसतं, ते छापणाऱ्याचं असतं. पात्राने स्वतः लिहिलेला मजकूर वेगळा : चिठ्ठी, ईमेल, डायरी, भिंतीवरचं खरडणं. तिथे स्पेलिंग पात्राचं. अमेरिकी पात्राने आपल्या बायकोविषयी लिहिलेल्या ईमेलमध्ये ‘ब्लॉन्ड हेअर’ ई-विनाच राहायला हवं, मग पुस्तक लंडनमध्ये का छापलं जाईना.

वर्गवारी अशी झाली. पुरुषांविषयी १९, परत ई-विना. निवेदनात बायकांविषयी २२ आणि संवादात ४, ई-सह राहू दिली. लिखित मजकुरात ३ (मूळ चिठ्ठी, तिची फाइलमधली नक्कल, अमेरिकी पात्राचा ईमेल), ई-विना. उरलेल्या ९ जागांवर शीट गप्प होतं : चार ठिकाणी फिकट लाकडाचं फर्निचर, तीन ठिकाणी मुलं-मुली मिळून, दोन ठिकाणी कुत्रा. यांना ई-विना ठेवलं. बर्च, ॲश, मेपल अशा फिकट लाकडाला ‘ब्लॉन्ड वुड’ म्हणतात आणि लाकडाला लिंग नाही, एवढं कारण पुरेसं होतं. कुत्र्यावर मात्र अर्धा तास वाद झाला. कथेत ती कुत्री होती. शेवटी ‘केस कुणाचे’ या रकान्यात ‘माणसाचे नाहीत’ असं लिहून तो मिटवला.

म्हणजे ५७ पैकी ३१ जागा पूर्ववत. मग मुळातच ई-सह असलेल्या ७४ जागाही वाचल्या. त्यांत दोन पुरुष निघाले. एकूण दुरुस्त्या ३३.

त्या ७४ मध्ये ई-सह हेच बरोबर असलेल्या निर्जीव वस्तूही होत्या. ‘ब्लॉन्ड एल’ ही फिकट बिअर त्यातली एक. आजीच्या पेटीतली ‘ब्लॉन्ड’ ही रेशमी लेस दुसरी, हे नाव न रंगवलेल्या कच्च्या रेशमाच्या रंगावरून आलेलं. दोन्ही शब्द ठरलेल्या वस्तूंची नावं म्हणून ई-सह रूपात रुळलेले आहेत. तिसरी जागा मजेदार. चित्रीकरणाच्या प्रसंगात कॅमेरामन ओरडतो, की ब्लॉन्डला जरा डावीकडे घ्या. सहायकेने दुसऱ्या फेरीत त्यावर शेरा मारला होता : बाईविषयी अपमानास्पद वाटतं, बदलावं का? तो २००० वॉटचा दिवा आहे. ८०० वॉटच्या लहान दिव्याला ‘रेडहेड’ म्हणतात. शेरा लेखकापर्यंत पोचण्याआधी काढला गेला.

पीडीएफ प्रुफावर ३३ खुणा करायला अडीच तास लागले. एक अक्षर गेल्याने काय बिघडणार, असं वाटतं, पण दोन परिच्छेदांत ओळी सरकल्या आणि एका ठिकाणी शेवटच्या ओळीत एकटा पडलेला शब्द वर गेला. पान मात्र हललं नाही. प्रकाशकाला पाठवलेल्या पत्रात चूक कुणाची, कशी झाली आणि किती जागी, हे तीन ओळींत स्पष्ट लिहिलं होतं.

‘फेअर’ची वेगळी कहाणी

याच पुस्तकातली दुसरी चूक स्पेलिंगची नव्हती आणि खरं तर जास्त गंभीर होती. एक साक्षीदार सांगतो : ‘अ फेअर चॅप, फॉर्टी ऑर सो.’ सहायकेने एका ठिकाणी ‘फेअर’ काढून ‘फिकट कातडीचा’ अशा अर्थाचा शब्द घातला आणि आणखी दोन ठिकाणी लेखकाला विचारलं, की वर्णाचा उल्लेख गरजेचा आहे का? हेतू चांगला होता, वाचन भारतीय होतं. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींपासून क्रीमच्या डबीपर्यंत ‘फेअर’ म्हणजे गोरा. त्या सुप्रसिद्ध क्रीमच्या नावातून हा शब्द २०२० साली गेला, डोक्यातून जायला वेळ लागेल. ब्रिटिश साक्षीदार गोऱ्या माणसाला ‘फेअर’ म्हणतो तेव्हा तो आधी केसांविषयी बोलत असतो.

यासाठी कॉपी-एडिटरने एक कसोटी घालून दिली : ‘फेअर’च्या जागी मनातल्या मनात ‘डार्क’ ठेवून बघा. जुन्या इंग्रजी कादंबरीतला ‘टॉल, डार्क अँड हँडसम’ नायक म्हणजे काळ्या केसांचा, गडद डोळ्यांचा. सावळा नव्हे. ‘डार्क’ने केस कळत असतील तर ‘फेअर’नेही केसच कळतात. ‘फेअर स्किन’ किंवा ‘फेअर कॉम्प्लेक्शन’ असं पुढे लिहिलेलं असेल तरच कातडी.

इथे शेरे ट्रॅकिंगमध्ये होते, म्हणून लेखकाला दिसले. त्याचं उत्तर तीन शब्दांचं होतं : केस, कातडी नाही.

अर्थपत्रक : मराठी प्रतिमा कुठे फसवतात

‘फेअर’नंतर कॉपी-एडिटरने नव्या लोकांसाठी फिकट केसांच्या शब्दांचं दोन पानी मराठी पत्रक केलं. शब्दकोशातला अर्थ त्यात जेमतेम आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचं काय उभं राहतं, यावर भर आहे.

फ्लॅक्सन. फ्लॅक्स म्हणजे जवस, एवढं शब्दकोश सांगतो. विदर्भात जवस तेलासाठी आणि चटणीसाठी माहीत, म्हणजे डोळ्यांसमोर येतं ते तपकिरी चकचकीत बी. फ्लॅक्सन केस त्या बियांच्या रंगाचे नसतात. लिननसाठी जवसाचं खोड कुजवून, कुटून, विंचरून जो धागा काढतात त्याचा हा रंग आहे, फिकट, किंचित करडी झाक असलेला पिवळा. मराठीत जवळची वस्तू अंबाडीचा वाख. वाख पाहिलेल्या माणसाला फ्लॅक्सन समजावून सांगावं लागत नाही.

टो-हेडेड. विंचरताना मागे राहणारा आखूड, गुंतलेला धागा म्हणजे ‘टो’. त्यावरून पांढुरक्या केसांच्या, बहुतेकदा विस्कटलेल्या केसांच्या लहान मुलाला हा शब्द. मोठेपणी असे केस पुष्कळदा गडद होतात, म्हणून प्रौढ माणसासाठी आला तर थांबून बघावं. घाईत ‘टू-हेडेड’ वाचलं किंवा टाइप झालं की मुलाला दोन डोकी फुटतात, आणि स्पेलचेक काही बोलत नाही.

सँडी. दख्खनच्या नद्यांची वाळू बेसॉल्टची, काळपट. ती मनात धरली तर केस करडे होतात. इंग्रजी ‘सँडी’ म्हणजे पिवळट-तपकिरी, बऱ्याचदा तांबूस झाक. पुरुषांसाठी जास्त येतो.

ॲश ब्लॉन्ड. राख आली की ‘राखाडी’ आणि राखाडी म्हणजे म्हातारपण, अशी उडी बसते. इथे राख म्हणजे फक्त थंड छटा, ज्या फिकट केसांत सोनेरी किंवा तांबूस झाक नाही असे.

स्ट्रॉबेरी ब्लॉन्ड. महाबळेश्वरची टोपली विसरायची. फिकट सोनेरीत तांबूस झाक, एवढंच.

डर्टी ब्लॉन्ड. केस धुतलेले असतात. रंग मळकट वाटणारा गडद ब्लॉन्ड, आपल्याकडे कुणी बघून ‘तपकिरी’च म्हणेल.

कॉर्न. ब्रिटिश लेखकाचं ‘कॉर्न’ म्हणजे शेतातलं धान्य, बहुधा पिकलेला गहू. अमेरिकी लेखकाचं कॉर्न म्हणजे मका, आणि ‘कॉर्नसिल्क’ म्हणजे कणसाच्या टोकाचे रेशमी केस. दोन्ही फिकट सोनेरी, पण शेत वेगळं. इथे मराठीत ‘गव्हाळ’ वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा. गव्हाळ हा आपल्याकडे कातडीचा रंग आहे आणि तोही गव्हाच्या दाण्याचा, ओंबीचा नव्हे. संगणकाच्या ठरलेल्या रंगनामांत ‘व्हीट’ म्हणजे लाल २४५, हिरवा २२२, निळा १७९, जवळजवळ सायीसारखा फिकट. ‘गव्हाळ वर्ण’ म्हणणाऱ्या कुणाच्याही मनात हा रंग नसतो. त्याच यादीतली ‘खाकी’ २४०, २३०, १४० आहे. हवालदाराच्या गणवेशाशी लावून बघा.

बटर, बटरी. लोणी पांढरं, बटर पिवळं. मराठीत लिहिताना ‘लोण्यासारखे केस’ म्हटलं की आजी उभी राहते.

पत्रकात ‘पिंगट’विषयीही इशारा आहे. ब्लॉन्डला मराठी प्रतिशब्द म्हणून तो सुचतो, आणि छटा अगदीच चुकीची नाही. पण मराठी लेखनात पिंगट केस तेलपाणी न मिळालेल्या, कुपोषित मुलाचे असतात. प्रथिनांच्या तीव्र अभावाने काळे केस खरोखरच तांबूस-फिकट पडतात, म्हणजे या प्रतिमेला आधारही आहे. श्रीमंत घरातल्या नायिकेला हा शब्द लावला तर वाचकाला ती आजारी वाटेल.

वाद झाला की संस्थेत आता सलूनच्या आकड्यांचा आधार घेतात. केसांच्या रंगांचे व्यावसायिक क्रमांक १ ते १० असतात : १ काळा, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी, ६ गडद ब्लॉन्ड, १० सगळ्यात फिकट. बिंदूनंतरचा आकडा छटेचा. पुष्कळ कंपन्यांत १ म्हणजे राखी आणि ३ म्हणजे सोनेरी, पण पुढचे आकडे कंपनीगणिक बदलतात. ६ क्रमांकाची बट भारतीय माणसाला दाखवली तर तो ब्लॉन्ड हा शब्द उच्चारणारच नाही. इंग्रजीत ब्लॉन्डची हद्द आपल्याला वाटते त्याच्या बरीच अलीकडे सुरू होते, आणि या पुस्तकातल्या निम्म्या शंका त्यातूनच आल्या होत्या.

या आकड्यांमुळे एक चांगला प्रश्नही विचारला गेला. कथेतली एक बाई घरच्या घरी, रंगाचा एक डबा वापरून, एका तासात गडद तपकिरीची प्लॅटिनम होते. ३ वरून १० वर. आधी रंगवलेले केस रंगाने उजळत नाहीत, आणि तिने ते रंगवलेले आहेत असं आधीच्या प्रकरणात होतं. ब्लीच लागेल, आणि वाटेत लाल, मग नारिंगी, मग पिवळा हे टप्पे येतील. लेखकाने तो तास वाढवून दोन रात्री केल्या.

निष्पत्ती

प्रकाशकाने ३३ दुरुस्त्या मान्य केल्या. टाइपसेटिंगचा जादा खर्च संस्थेने स्वतः सोसला. लेखकाने नंतर कळवलं, की ई-विना रूपाची खिचडी अर्धी त्याची स्वतःची होती, पण चिठ्ठी मात्र त्याने तीनदा तपासली होती.

चार महिन्यांनी अमेरिकी आवृत्तीचं काम आलं आणि नियम उलटा झाला : विशेषण सरसकट ई-विना. या वेळी आधी अचल जागा पिवळ्या हायलाइटने बंद केल्या : चिठ्ठी, तिची नक्कल, बिअर, लेस, दिवा, आणि इन्स्पेक्टरचं संपूर्ण संभाषण. वर्डच्या शोधखिडकीत फॉरमॅटमधून ‘हायलाइट’ दोनदा निवडलं की ‘हायलाइट नसलेलं’ एवढंच शोधता येतं. त्यातही ‘रिप्लेस ऑल’ कुणी दाबलं नाही.

एक प्रश्न तरीही उभा राहिला. अमेरिकी वाचकाच्या पुस्तकात बायकांचे केसही ई-विना असतील, तर चिठ्ठीचा तर्क लुळा पडतो. लेखकाने इन्स्पेक्टरच्या तोंडी एक वाक्य वाढवलं, की बाकी जग कसंही लिहो, ही बाई फ्रेंचच लिहिते. ब्रिटिश आवृत्तीलाही हे वाक्य उपयोगी पडलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

साफसफाईच्या फेरीत कोणते शब्द येऊ शकतात, याची यादी आधी हवी होती. ‘कलर’मधला यू गेला-आला तर अर्थ बदलत नाही. ब्लॉन्डचा ई, फियान्सेचा ई यांनी माणूस बदलतो. असे शब्द ट्रॅकिंग चालू ठेवूनच हाताळायचे, असं आता ठरलं आहे.

सहायकेने ‘अनडू’ केलं असतं तर बरं झालं असतं, हे खरं, पण दोष तिथे शोधणं सोपं आहे. तिला प्रकाशकाचं शीट मिळालं नव्हतं. एका ओळीचा नियम दोन जणांच्या तोंडून फिरला आणि त्यातली बाई-पुरुष ही अर्धी ओळ वाटेत पडली.

लेखकाला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता : कथेत कुठे स्पेलिंगवर, उच्चारावर किंवा हस्ताक्षरावर काही अवलंबून आहे का? रहस्यकादंबरीसाठी हा प्रश्न आता ठरावीक प्रश्नावलीत आहे. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतं.

एका मुद्द्यावर संस्थेत अजून एकमत नाही. ‘अ ब्लॉन्ड’ असं नाम म्हणून बाईला संबोधणं बऱ्याच संपादकांना खटकतं, माणूस केसांपुरता उरतो म्हणून. कॉपी-एडिटर निवेदनात असं नाम आलं की लेखकाला विचारते, संवादात सोडून देते. मुद्रितशोधकांचं म्हणणं, रहस्यकादंबरीतल्या साक्षीदाराला केसांपुरतंच दिसलेलं असतं. प्रत्येक नव्या पुस्तकाला हा वाद पुन्हा होतो.

व्हॉट्सॲपवर मात्र ब्लॉन्ड हा शब्द आता रोमन लिपीतच टाइप करायचा, आणि पुढे ‘ई आहे’ किंवा ‘ई नाही’ असं मराठीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात समन्वयकाच्या फोनने तो शब्द आपणहून बदलून ‘ब्लेंड’ केला होता.